जुना पट्टा पुसल्याखेरीज नवा ओढू नये

आठवडी बाजाराला तालुक्याच्या गावी गेल्यावर गाडी कोठे लावावी, हा प्रश्न आता खेड्यापाड्यांतील माणसालाही पडू लागला आहे. बैलगाडी झाडाखाली सोडता येत असे. मोटारसायकल, टेम्पो, पिकअप यांना मात्र आखलेल्या पट्ट्यातच उभे राहावे लागते. पट्टा पाळणे हा नियम आहे आणि तो पाळावा, असेच आमचे मत आहे. पण एकाच जमिनीवर दोन पट्टे असतील, एक सरळ आणि एक तिरका असेल, तर त्यांतला कोणता पाळावयाचा, हे गाडीवाल्याने कसे ठरवावे?

सीमाभागातील एका वाहनतळावर आम्ही हा गोंधळ स्वतः पाहिला. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे वाहनतळ एक नाही. तेथे पूर्वी सरळ आखणी होती आणि एका कोपऱ्यात डांबरावर 'फक्त दुचाकी' अशी मराठी अक्षरे रंगविलेली होती. मार्चअखेर आखणी बदलली. जुन्या पट्ट्यांवर आणि अक्षरांवर काळा रंग फासला गेला व वर नवे तिरके पट्टे आले. एप्रिल-मे ठीक गेले. जूनमध्ये दोन चांगल्या सरी पडल्या, काळा रंग उडाला आणि जुनी अक्षरे पुन्हा वर आली. शेजारच्या खेड्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने ती वाचून आपली मोटारसायकल तेथे लावली. नव्या आखणीत ती जागा माल उतरविणाऱ्या गाड्यांची होती. तशी सूचना लिहिलेली होती, पण कन्नड आणि इंग्रजीत. म्हाताऱ्याला दोन्ही लिप्या येत नव्हत्या.

"जमिनीवर लिहिलंय की, साहेब," तो म्हणाला.

"ते जुनं आहे, मामा. पुसलंय ते."

"पुसलंय तर मला दिसतंय कसं?"

यावर साहेबांकडे उत्तर नव्हते. पावती मात्र फाडली गेली, पाचशे रुपयांची. दोन बुट्ट्या वांगी विकून आलेले पैसे तेथेच गेले.

हा प्रसंग आम्ही रडगाणे म्हणून सांगत नाही. म्हाताऱ्याने विचारलेला प्रश्न नेमका होता. जे दिसते ते पुसलेले नसते. वाहनतळ आखणाऱ्या प्रत्येक खात्याने हे एक वाक्य ध्यानात ठेवले, तर निम्मी भांडणे मिटतील.

कायद्याच्या नजरेत पट्टा

मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये वाहतूक चिन्हाची जी व्याख्या आहे, तीत खांबावरच्या फलकांबरोबर रस्त्यावर रंगविलेल्या खुणाही येतात. म्हणजे डांबरावरचा पट्टा ही सजावट नव्हे. तो सरकारचा शब्द आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर किरकोळ उल्लंघनाचा पहिला दंडही शंभरावरून पाचशे रुपयांपर्यंत गेला. शब्द मोडणाऱ्याला दंड जबर झाला असेल, तर शब्द देणाऱ्यानेही तो एकदाच आणि स्पष्ट द्यावा, ही अपेक्षा गैर नाही.

आपल्या देशात पट्टे कसे असावेत, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आय.आर.सी. 35 ही संहिता आहे. तिची सुधारित आवृत्ती 2015 साली निघाली. अमेरिकेतील रस्तेचिन्हांची राष्ट्रीय नियमपुस्तिका तर स्पष्टच बजावते की, रस्त्याच्या कामाच्या जागी जुन्या पट्ट्यावर काळा रंग मारणे किंवा डांबर फवारणे हे पट्टा काढण्याच्या जागी चालणार नाही. त्या देशाचे सगळेच उचलावे असे नाही. पण हा नियम अनुभवातून आलेला आहे, आणि आमच्याकडच्या जून महिन्यानेही तोच अनुभव दिला आहे.

काळा रंग का फसतो?

काळा रंग स्वस्त, झटपट आणि देयक काढण्याच्या दिवशी पाहणाऱ्याचे समाधान करणारा असतो. पण तो जुना पट्टा काढत नाही, केवळ झाकतो. गाड्यांची चाके वळताना वरचा थर आधी घासला जातो आणि खालचा पांढरा उघडा पडतो. शिवाय काळ्या रंगाची तकाकी डांबरापेक्षा वेगळी असते. पाऊस पडून गेल्यावर किंवा संध्याकाळचे ऊन तिरके आले म्हणजे काळे पट्टेच चकाकतात, आणि चालकाला तेच पट्टे वाटतात. ओल्या दिवसांत अशा गुळगुळीत रंगावरून दुचाकी घसरते, ते निराळेच.

पट्टा थर्मोप्लास्टिकचा असेल तर अडचण आणखी वाढते. हा साधा रंग नव्हे. तो सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापवून पातळ करतात आणि दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा थर देतात. रात्री दिव्याच्या झोतात चमकावा म्हणून त्यात काचेचे बारीक मणी असतात. त्यावर कितीही काळे फासले तरी उंचवटा राहतोच, आणि रंग झिजला की मणी पुन्हा चमकू लागतात. दिवसा नाहीसा वाटणारा पट्टा रात्री हेडलाइटमध्ये उठून दिसतो, त्याचे कारण हे.

पुसण्याच्या रीती

जुना पट्टा खरोखर काढण्याच्या चार-पाच रीती प्रचारात आहेत, आणि प्रत्येकीची किंमत आहे.

पहिली रीत घासणी यंत्राची. फिरत्या दात्यांनी पट्टा खरवडून काढतात. काम लवकर होते. पण हात जड पडला की पट्ट्याच्याच आकाराची खाच डांबरात राहते. खाचेत पाणी आणि माती साचते, आणि पट्टा गेला तरी त्याची सावली राहते. म्हणून फक्त पट्ट्याएवढेच न घासता कडेची जागाही हलक्या हाताने घासून खुणेचा आकार मोडावा लागतो. अक्षरांच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक. अक्षर जसेच्या तसे घासले तर ते कोरल्यासारखे वाचता येते.

दुसरी रीत पाण्याच्या प्रचंड दाबाची. पंपाने पाणी बारीक तोटीतून सोडून रंग उडवितात आणि तो शोषूनही घेतात. खाच फारशी पडत नाही. काँक्रीटवर आणि चांगल्या डांबरावर ही रीत उत्तम. पण जुने, खिळखिळे झालेले डांबर असेल तर रंगाबरोबर खडीही निघते. यंत्र महाग असल्याने लहान नगरपंचायतीला ते भाड्यानेच आणावे लागेल.

तिसरी, पोलादी छर्रे किंवा वाळू वेगाने मारण्याची. चौथी, रसायनाने रंग मऊ करण्याची. ही शेवटची डांबरावर जपूनच वापरावी, कारण डांबर हेही खनिज तेलातूनच निघते. रंग विरघळविणारे द्रावण त्यालाही मऊ करते. पट्टा जाळून काढण्याचीही रीत आहे, पण उष्णतेने डांबर खराब होते.

वाहनतळ जुना, पट्टे अनेक आणि आखणी पूर्ण बदलावयाची असेल, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सगळ्या जागेवर डांबराचा नवा पातळ थर देऊन मग पट्टे ओढणे. खर्च अधिक येतो, हे खरे. मात्र थर्मोप्लास्टिकचे जाड पट्टे त्याआधी खरवडून काढलेच पाहिजेत, नाहीतर वरचा थर तेथे धरत नाही.

एक इशारा येथे द्यावयास हवा. रस्त्याच्या पिवळ्या रंगात शिशाचे संयुग वापरण्याची जुनी पद्धत आहे. असा रंग घासताना उडणारी धूळ आणि वाळूच्या माऱ्याने उठणारी धूळ, दोन्ही फुप्फुसाला वाईट. मजुरांच्या तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही. ही धूळ पाण्याने गटारात लोटली तर ती पुढे ओढ्याला आणि शेताला मिळते. ती गोळा करूनच उचलली पाहिजे.

नवी अक्षरे कोणासाठी?

आता भाषेविषयी. गेल्या काही वर्षांत सीमेच्या दोन्ही बाजूंना पाट्या बदलल्या. महाराष्ट्रातील दुकानांना मराठी पाट्या लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या सप्टेंबरात दोन महिन्यांची मुदत दिली. कर्नाटक विधिमंडळाने 2024 च्या फेब्रुवारीत पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा नियम करणारे विधेयक संमत केले. भिंतीवरची पाटी उतरविता येते, दुसरी चढविता येते. जुनीचा मागमूस राहत नाही. डांबरावरचे अक्षर तसे उतरत नाही. ते अर्धवट पुसले गेले की खाली एका भाषेत एक सूचना आणि वर दुसऱ्या भाषेत दुसरीच सूचना, अशी स्थिती होते. जो ज्या भाषेचा, तो ती वाचतो, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात.

राज्याच्या भाषेत सूचना असू नये, असे आम्ही म्हणत नाही. ती असलीच पाहिजे. पण 1956 साली राज्य पुनर्रचनेच्या वेळी केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणे ठरविली, त्यांत जेथे त्यांची वस्ती 15 ते 20 टक्के आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे म्हटले आहे. ज्या सूचनेपायी पाचशे रुपये द्यावे लागतात, ती सामान्य माणसाच्या लेखी महत्त्वाचीच होय. हाच न्याय जत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड बांधवांनाही मिळावा. त्यांच्या म्हाताऱ्याला मराठी पट्ट्यापायी दंड झाला, तर आम्हाला तितकेच वाईट वाटेल.

त्याहूनही सोपा मार्ग आहे. शब्द कमी करावे आणि चित्रे वाढवावी. मोटारसायकलचे चित्र, मालगाडीचे चित्र, जाण्यायेण्याचे बाण आणि अपंगांच्या जागेवर चाकाची खुर्ची, एवढ्याने बहुतेक काम होते. सविस्तर सूचना प्रवेशाजवळच्या फलकावर सर्व संबंधित भाषांत लिहावी. उद्या आखणी बदलली तर फलक बदलता येईल. चित्रही पुसताना मात्र पुरतेच पुसावे. खुर्चीचे जुने चित्र भलत्याच जागी राहिले, तर खऱ्या अपंगाची गाडी तेथे अडकते आणि त्याची खरी जागा दुसराच अडवितो.

गावाने काय करावे?

पहिली गोष्ट, रात्री डांबराचा डबा घेऊन कोणी स्वतः पट्टे पुसावयास जाऊ नये. वाहतूक चिन्ह मुद्दाम काढणे किंवा विद्रूप करणे यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 116 नेच मनाई केली आहे. राग योग्य असला तरी अशाने गुन्हा आपल्याच अंगावर येईल.

दुसरी, कामाचे अंदाजपत्रक पाहावे. जुने पट्टे काढण्याची स्वतंत्र बाब, चौरस मीटरच्या दरासह, तेथे आहे काय? नसेल तर काळा रंगच फासला जाणार, हे समजून चालावे. माहितीचा अधिकार कायदा, 2005 खाली ही कागदपत्रे साध्या अर्जाने मागता येतात. अर्ज आपल्या भागातील शासकीय भाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा लागतो. गावातील एखाद्या शिकल्या पोराने तेवढे करून द्यावे.

तिसरी, कामाची तपासणी कोरड्या दुपारी न करता जागा पाण्याने भिजवून, रात्री मोटारसायकलच्या दिव्यात करावी, अशी मागणी लेखी द्यावी. यास ना यंत्र लागते ना इंजिनिअर. जुने काही चमकले, तर काम पुरे झालेले नाही. ही पाहणी होईपर्यंत कंत्राटदाराची काही रक्कम राखून ठेवावी.

आणि चौथी, दंड झालाच तर त्या जागेचे तेव्हाचे छायाचित्र काढून ठेवावे. दोन पट्टे एका चित्रात आले, तर तक्रारीला पुरावा मिळतो. आमच्या त्या वृद्ध शेतकऱ्याकडे तो नव्हता. त्याच्याजवळ त्याचा प्रश्न तेवढा होता. तो प्रश्न आता पंचायतीच्या सभेत, अर्जावर आणि सह्यांनिशी विचारला जावा.