परस्पर ठरलेला सौदा

थोडे स्वातंत्र्य सोडा, म्हणजे सुरक्षितता मिळेल, असे आपल्याला गेली चाळीस वर्षे सांगितले जात आहे. १९८५ मध्ये टाडा आला तेव्हा हेच सांगितले गेले. २००२ मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनात पोटा मंजूर करून घेतला तेव्हा हेच. २६/११ नंतर, २००८ च्या डिसेंबरात, यूएपीए अधिक कडक केला तेव्हा हेच. आणि २०१९ मध्ये एखाद्या एकट्या माणसालाही खटल्याविना दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार सरकारने घेतला, तेव्हाही हेच. ऐकायला हे समंजस वाटते. बाजारात पैसे मोजून माल घ्यावा तसा हा व्यवहार. पण या व्यवहारात एक गोम आहे. माल एकाला मिळायचा आहे आणि पैसे दुसऱ्याच्या खिशातून जायचे आहेत. दादरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला सुरक्षितता देऊ केलेली आहे. आणि त्याबदल्यात जे स्वातंत्र्य काढून घ्यायचे, ते मालेगावच्या, मुंब्र्याच्या, मोमिनपुऱ्याच्या पोराचे आहे. दुसऱ्याचे स्वातंत्र्य देऊन टाकायला कोणाला जड जाते? सौदा परस्पर ठरला. ज्याची वस्तू विकली गेली त्याला विचारलेसुद्धा नाही.

लोकांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे मारली गेली. त्या स्फोटांत मुसलमान होते, ते न्यायालयात सिद्ध झाले, आणि ‘हे सगळे कुभांड आहे’ असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या मंडळींशी आमचे भांडण आहे. २६/११ ला १६६ जण गेले. त्या हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या जामा मशिदीच्या ट्रस्टने नकार दिला, हे बहुतेकांना आता आठवतही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले. त्यांत एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. बॉम्ब धर्म विचारून फुटत नाही. लोकलच्या बाकाखाली बेवारस पिशवी दिसली की आमच्या घरातल्या बायकांच्याही काळजात धस्स होते. फरक इतकाच की त्यांना दोन भीती बाळगाव्या लागतात. पिशवी फुटेल ही एक, आणि फुटलीच तर रात्री आपल्या गल्लीत पोलिसांची गाडी येईल ही दुसरी.

(जाता जाता एक सांगतो. कोरोनाची वर्षे सोडली तर मुंबईच्या लोकलच्या मार्गावर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ माणसे लोकलमधून खाली पडून मेली. त्यासाठी कुठलाही असाधारण कायदा करावा असे कोणाला वाटले नाही. गर्दीत माणूस मरतो तेव्हा त्याला मारणारा असा कोणी समोर दिसत नाही आणि त्याचे आडनावही सांगता येत नाही.)

आता माल मिळाला का ते पाहू. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८९ माणसे मेली, आठशेहून अधिक जखमी झाली. तेरा जणांवर मोक्का लावला गेला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. एकजण नऊ वर्षे तुरुंगात काढून निर्दोष सुटला. पुढे, २१ जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते. त्यांतले मजकूर एकमेकांशी जुळत होते आणि छळाच्या आरोपाला दवाखान्याच्या कागदांचा आधार होता. टॅक्सीवाल्यांनी शंभराहून अधिक दिवसांनी आरोपींविषयी साक्ष सांगितली होती. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. बारापैकी एकजण फाशीच्या शिक्षेखाली नागपूरच्या तुरुंगात असताना २०२१ मध्ये कोरोनाने गेला. तो निर्दोष ठरला तो कबरीत. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत, २४ जुलैला, हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जायला सांगितले नाही.

वर्तमानपत्रांनी ही बातमी ‘मुसलमान सुटले’ अशी वाचली, आणि आपल्या मोहल्ल्यांतही ती तशीच वाचली गेली, फक्त इथे मिठाई वाटून. आमच्या मते दोघांनीही ती चुकीची वाचली. उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच जे म्हटले त्याचा आशय असा, की खोटे आरोपी उभे करून गुन्हा उलगडल्याचा देखावा केला तर समाजाला फसवा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळा फिरत राहतो. म्हणजे एकोणीस वर्षे बोरिवलीचा, भाईंदरचा प्रवासी ज्या सुरक्षिततेच्या भरवशावर पहिल्या वर्गाच्या डब्यात चढत होता, ती सुरक्षितता नव्हतीच. बारा माणसांचे तारुण्य खर्च झाले आणि त्या १८९ जणांना कोणी मारले ते आजही सिद्ध झालेले नाही. पैसेही गेले आणि मालही आला नाही.

मालेगावचे तर विचारूच नका. ८ सप्टेंबर २००६, जुम्मा, त्यात शबे-बरात. लोक कबरस्तानात फातिहा पढायला जमलेले. तिथेच स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. मेले ते मुसलमान, आणि एटीएसने धरले ते नऊजणही मुसलमान. कबुलीजबाब त्यांचेही होते. पुढे तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला, दुसरीच माणसे आरोपी म्हणून पुढे आली, तेव्हा नोव्हेंबर २०११ मध्ये सात जणांना जामीन मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांच्यावरचे आरोप काढून टाकले आणि त्यांना बळीचे बकरे बनवल्याचे म्हटले. एकजण तोपर्यंत हयात नव्हता. शबे-बरातीच्या दिवशी आपल्याच लोकांना आपल्याच कबरस्तानात मुसलमान कशाला मारतील, हा प्रश्न मालेगावच्या मागावर बसणाऱ्या बाईलाही पडला होता. तो सरकारी कागदावर यायला दहा वर्षे लागली.

आणि मग ३१ जुलै २०२५. लोकलच्या निकालानंतर बरोबर दहा दिवसांनी मालेगावच्याच दुसऱ्या स्फोटाचा, २९ सप्टेंबर २००८ च्या भिक्खू चौकातल्या स्फोटाचा निकाल लागला. सहाजण मेले होते, शंभराच्या आसपास जखमी होते. सातही आरोपी निर्दोष सुटले. या वेळी आरोपी हिंदू होते, त्यामुळे मिठाई दुसऱ्या गल्लीत वाटली गेली. लोकलच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार एका दिवसात सर्वोच्च न्यायालयात धावले होते. भिक्खू चौकाच्या निकालाविरुद्ध मेलेल्यांच्या नातेवाइकांनाच उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. हा दुजाभाव आम्हाला दिसतो आणि तो बोलून दाखवायला आम्ही कचरत नाही. पण त्यापलीकडची गोष्ट अशी की दोन निकालांत मिळून १९५ मुडदे, आणि मारेकरी एकही नाही.

असे का होते? पोलीस वाईट म्हणून, असे उत्तर आपल्या सभांत टाळ्या घेते. ते अपुरे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी एक कलम घातले होते, की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. राज्य त्यांचे, पोलीस त्यांचे, आरोपी त्यांचे गुलाम. तरी त्यांनी आपल्या पोलिसावर इतका विश्वास टाकला नाही. कारण त्यांना ठाऊक होते की ठाण्यात कबुली मिळाली की हवालदार उन्हातान्हात पुरावा शोधायला बाहेर पडणार नाही. २०२३ च्या नव्या कायद्यातही ते कलम कायम आहे. टाडाने ते बाजूला सारले, पोटाने सारले, आणि १९९९ च्या आपल्या महाराष्ट्राच्या मोक्काने अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरवली. एरवी साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल करावे लागते. इथे १८० दिवसांची सवलत. यूएपीएमध्ये तर आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन नाकारायचा. इतकी सोय करून दिल्यावर मेहनतीचा तपास कोण करील? या कायद्यांनी तपासाचे हात बळकट झाले नाहीत, त्याचे पाय गळून पडले. आणि पाय गळालेल्या तपासाचे फळ अखेर मारेकऱ्याला मिळते.

टाडाचा हिशेब तर कधीच बंद झाला. दहा वर्षांत ७५ हजारांहून अधिक माणसांना अटक झाली आणि शिक्षा दोन टक्क्यांनाही झाली नाही. पंजाबसाठी म्हणून आणलेला कायदा गुजरातमध्ये हजारोंवर लागला, जिथे तेव्हा पंजाबसारखा दहशतवाद नव्हता. १९९५ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्रे लिहून याला मुदतवाढ देऊ नका असे विनवले. कायदा गेला, पण त्याखालचे खटले चालूच राहिले. पोटाखाली अक्षरधामच्या खटल्यात फाशीपर्यंत गेलेल्यांसह सहाही जणांना सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी निर्दोष सोडले. त्या दिवशी लोकसभेचे निकाल होते, त्यामुळे आतल्या पानावरही जागा मिळणे मुश्किल झाले.

आता आपल्या माणसांशी चार शब्द. आपल्याकडे या विषयावर सभा होतात त्यांचे शीर्षक बहुधा ‘बेकसूर मुस्लिम नौजवान’ असे असते. शीर्षक खोटे नाही. पण ‘मुस्लिम’ या शब्दापाशी थांबून आपण स्वतःचीच बाजू लंगडी करतो. २००८ च्या मालेगाव खटल्यातल्या आरोपी महिलेने कोठडीत छळ झाल्याचे सांगितले तेव्हा आपल्यातले कितीतरी जण हसले. का हसले? तिचे राजकारण आम्हाला अजिबात मान्य नाही, पण छळ हा छळ. त्या खटल्यातही मोक्काचे कबुलीजबाब होते. मोक्का गळला तसे तेही गळले. ज्या हत्याराने आपली पोरे जखमी झाली, ते दुसऱ्यावर उगारले की आपण कौतुक करायचे, आणि मग ते हत्यार मोडा अशी मागणी करायची, हे कोण ऐकून घेईल?

शिवाय हे हत्यार आपल्या गल्लीत थांबतही नाही. तमिळनाडूत २००२ मध्ये वायको यांना पोटाखाली अटक झाली ती एका भाषणासाठी, आणि ते स्वतः पोटाला संसदेत पाठिंबा देणाऱ्या आघाडीतले खासदार होते. भीमा-कोरेगावच्या खटल्यात लेखक, वकील, प्राध्यापक वर्षानुवर्षे आत राहिले. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी, कंपवाताने ज्यांना पेलाही धरता येत नव्हता, ते जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ ला मुंबईच्या रुग्णालयात गेले. आणि जुलै २०२५ मध्ये, वरच्या दोन निकालांच्याच महिन्यात, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. या वेळी नाव कडव्या डाव्यांचे आहे. मोहल्ल्यात काही शहाण्यांनी सुटकेचा श्वास सोडला, की चला, या खेपेला आपण नाही! त्यांनी टाडा पंजाबसाठी आला होता हे पुन्हा एकदा वाचावे.

निषेधाच्या पत्रकांविषयीही बोलायला हवे. कुठेही स्फोट झाला की आपल्या संघटनांचे पत्रक संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोचते. मसुदा तयारच असतो, गावाचे नाव आणि तारीख तेवढी बदलायची. निषेध जरूर करावा, माणूस म्हणून करावा. पण तो देशभक्तीची पावती मिळावी म्हणून केला जातो, आणि ती पावती आजवर कोणी दिलेली नाही. त्याऐवजी स्फोटात गेलेल्यांच्या नातेवाइकांकडे जा. लोकलमध्ये ज्यांचे मुलगे गेले ते आईबाप विरारला, मीरा रोडला राहतात. खरा गुन्हेगार पकडला जावा ही मागणी त्यांची आहे आणि आमचीही आहे. ती त्यांच्याबरोबर बसून, दोघांच्या सह्यांनी केली तर तिच्याकडे काणाडोळा करणे सरकारला इतके सोपे जाणार नाही.

मागायचे काय, हेही अवघड नाही. पोलिसापुढची कबुली मोक्कातून काढा. आरोपपत्राची मुदत सगळ्यांना सारखी ठेवा. आणि जो इतकी वर्षे विनाकारण आत राहिला त्याला भरपाई द्या. ही भरपाई मेहरबानी म्हणून नको, हक्क म्हणून हवी. हैदराबादला मक्का मशिदीच्या स्फोटानंतर धरलेल्या आणि पुढे सुटलेल्या मुलांना तिथल्या सरकारने पैसे दिले होते. कायद्याचा आधार नसल्याने उच्च न्यायालयात ते टिकले नाहीत. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये, आपल्या २७७ व्या अहवालात, चुकीच्या खटल्याने नागवलेल्यांसाठी भरपाईचा कायदा करा असे सरकारला सांगितले. तो कायदा झालेला नाही. पुढच्या निवडणुकीत कबरस्तानाच्या भिंतीचे आश्वासन घेऊन जो कोणी मोहल्ल्यात येईल, त्याला खुर्ची द्या, चहा द्या, आणि या अहवालाचा क्रमांक सांगून तो त्याने वाचला आहे का ते विचारा.