पियानो ताजमध्ये, ढोल गावकुसाबाहेर



१९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून उचललं. नाव उचललं, आवेश उचलला. पण त्याच काळ्या समाजातला एक अव्वल पियानोवादक त्याआधी छत्तीस वर्षं इथं, मांडव्याच्या समोरच्या काठावर, ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? टेडी वेदरफर्ड त्याचं नाव. प्रस्थापितांच्या पोथीत तो नाही. आपल्याही नाही. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलायचं.

वेदरफर्ड जन्मला १९०३ साली, व्हर्जिनियातल्या पोकाहाँटस गावी. ताज हॉटेलही त्याच साली उघडलं. गुलामी कायद्यानं संपून चाळीस वर्षंही झाली नव्हती. काळ्यांचा डबा वेगळा, शाळा वेगळी, नळ वेगळा. आपल्याला हे समजावून सांगायला नको. पोरगेला असताना तो न्यू ऑर्लिअन्सला गेला, तिथं पियानो शिकला. मग शिकागो. तिथं अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलं, १९२६ साली दोघांची एकत्र रेकॉर्ड निघाली. नाव होत होतं. आणि त्याच साली गडी बोटीत बसून आशियात निघून आला.

शांघायमध्ये त्यानं नाव कमावलं. १९३३ साली कवी लँगस्टन ह्यूज त्याला तिथंच भेटला आणि पुढं आपल्या आत्मचरित्रात त्याच्याबद्दल लिहून गेला. १९३६च्या सुमारास वेदरफर्ड मुंबईत, ताजमध्ये, क्रिकेट स्मिथ या काळ्या ट्रम्पेटवाल्याच्या बँडमध्ये आला. १९३७ला पॅरिसला जाऊन एकट्याच्या पियानोच्या रेकॉर्डी केल्या. त्यातली ‘वेदर बीटन ब्लूज’ ही त्याची स्वतःची रचना. स्वतःच्याच नावाशी खेळून ठेवलेलं नाव, ऊन-पावसानं झोडपलेल्याचा ब्लूज!

आता जरा खाडीच्या अल्याड बघा. समोर साहेब, संस्थानिक, शेठ यांच्या जेवणावळीत जॅझ वाजतोय. आणि इकडं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरीत कुळांनी १९३३पासून खोतांची जमीन कसायचं बंद केलंय. नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभी राहून माणसं १९३९पर्यंत उपाशी लढली. १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६च्या मे महिन्यात मुंबईत महार परिषद भरली. सप्टेंबर १९३७ला खोती नष्ट करण्याचं बिल आलं. एकाच समुद्राच्या दोन काठांवर हे चाललेलं. काळा माणूस तिकडं, आपला माणूस इकडं. दोघांची गाठ पडली नाही. पडावी अशी ती जागाच नव्हती.

मग वेदरफर्ड साहेबाचा भाट होता का? आपले काही मित्र फटकन ‘हो’ म्हणतील. थांबा जरा.

आपल्या बापजाद्यांनीही वाजवलंय. सणाला वाजव, लग्नाला वाजव, मेलेल्यापुढं वाजव. देवळापुढं ढोल आपला आणि देवळात पाय ठेवायची बंदी आपल्यालाच. नाही म्हणायची सोय नाही. बिदागी म्हणून मूठभर दाणे, वर शिळी भाकरी. १९२७ साली बाबासाहेब बोटीनं दासगावला उतरून महाडला गेले, ते असलंच जिणं फेकून द्या हे सांगायला. लोकांनी फेकलं. गावकीची कामं सोडली, १९५६ नंतर कित्येकांनी ढोल-सनई खुंटीला टांगली ती टांगलीच. बरोबर केलं! जे वाजवायला नकार देता येत नाही ते संगीत नाही, ती वेठ आहे.

पण वेदरफर्डकडं बघून एक गोष्ट कळते. वाद्य गुलाम नसतं. तो ताजमध्ये वाजवत होता, पण करार करून. पटलं नाही तर शांघाय सोडत होता, मुंबई सोडत होता. पगार मोजून घेत होता. रेकॉर्डवर त्याचं नाव होतं. रात्री जे वाजवायचा त्यात त्याची अक्कल होती, त्याची खोड होती. आपल्या वाजंत्र्याकडं हात होता, कान होता, ताल तर असा की मेलेला उठावा. नव्हतं ते एवढंच — नकार, दाम आणि नाव.

आणि वेदरफर्डचं तरी सगळं गोड झालं असं समजू नका. घर नावाचा मुलूख रंगामुळं परका, म्हणून आयुष्य परक्या बंदरांत गेलं. लढाईच्या वर्षांत तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवत होता. १९४३च्या दुष्काळात त्याच शहराच्या रस्त्यांवर भुकेली माणसं मरून पडत होती. एप्रिल १९४५मध्ये कॉलरानं तोही गेला. वय एक्केचाळीस. कॉलऱ्याला हॉटेल आणि फुटपाथ यांतला फरक कळत नाही. व्यवस्थेला कळतो.

त्याच्या कलकत्त्याच्या बँडमध्ये जॉर्ज बँक्स हा नेपाळी ट्रम्पेटवाला होता. त्याचा पोरगा लुई बँक्स. आर्मस्ट्राँगवरून ठेवलेलं नाव! तो पुढं मुंबईत पियानोवादक आणि संगीतकार म्हणून गाजला. बघा, हात कसा हातात जातो. आणि त्याच तिसाव्या दशकात नाशिककडं भीमराव कर्डकांनी ढोलकी हातात घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला होता. ढोलकी तीच. फक्त हुकूम खोताचा नव्हता, मन आपलं होतं. तोच आपला जॅझ.

म्हणून खाडीपट्ट्यातून शहरात आलेल्या पोरांनो, आज्याचा ढोल बघून लाजू नका आणि उगीच गळाही काढू नका. गावात जा, म्हाताऱ्यांना बसवा, त्यांचे ताल रेकॉर्ड करा, वर त्यांचं नाव घाला. कोणी ‘लोककला’ म्हणून फुकट वाजवायला बोलावलं तर आधी दाम विचारा. ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून कोणी चाल उचलली तर गाठून जाब विचारा. आणि गावकीनं पुन्हा मानाच्या नावाखाली पालखीपुढं उभं केलं तर सरळ नाही म्हणा.

ज्याला नाही म्हणता येतं त्यानंच वाजवावं. मग ढोल असो, पियानो असो नाहीतर रॅप, समोरच्या काठालाही ऐकावंच लागेल.