सुईदोरा : ताई, तुकडे पाठव

गेल्या दिवाळीला याच पानावर आपण कर्नाटकी कशिदा पाहिला. यंदा आपण राहतो त्या देशातलीच एक कला घेऊन आले आहे, इंग्लिश पेपर पीसिंग. कापडाचे छोटे तुकडे कागदी षटकोनांवर दुमडून टाचायचे, ते हातानं एकमेकांना जोडायचे आणि शेवटी कागद काढून घ्यायचे. मशीन लागत नाही. सगळा पसारा बिस्किटांच्या डब्यात मावतो, त्यामुळे रेडिंग ते लंडन गाडीतही काम होतं.

मी याकडे वळले ते एका साडीमुळे. आई गेली, तेव्हा तिच्या साड्या सांगलीला ताईकडेच राहिल्या. मी एकच विटलेली इरकल बॅगेत घालून आणली. गोधडी करायची तर आणखी तीन-चार साड्या हव्यात. ताईला विचारलं, तर म्हणाली, “आईच्या साडीला कात्री? माझ्यानं बघवणार नाही गं.” त्यानंतर दोन वर्षं आम्ही फोनवर पाऊसपाण्याचंच बोलत राहिलो. साड्यांचा विषय दोघींनीही टाळला.

शेजारच्या इंग्लिश आजींनी मला पहिला षटकोन शिकवला. तुम्हीही करून बघा.

एक इंच बाजूचे षटकोन जाडसर कागदाचे कापा. जुन्या शुभेच्छापत्रांचा पातळ पुठ्ठा उत्तम. सगळे अगदी सारखे हवेत, नाहीतर पुढे कोपरे जुळत नाहीत. कापडाचा अडीच इंची चौकोन घ्या, उलट्या बाजूवर मधोमध कागद ठेवा आणि चारी बाजूंनी पाव इंच माया सोडून जास्तीचं कापड कापा. आता एकेक बाजू कागदावर दुमडत कच्ची टीप घाला. दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, म्हणजे नंतर उसवताना दिसतो.

दोन षटकोन सुलट बाजू आत घेऊन समोरासमोर धरा. काठाला काठ लावून वरच्यावर बारीक टाके घालत जा, एका इंचात पंधराएक. सुईनं कापडाचे दोन-तीन धागेच उचलायचे, कागदात सुई शिरू द्यायची नाही. मधल्या षटकोनाला सहा पाकळ्या जोडल्या, मग पाकळ्यांच्या शेजारच्या बाजू शिवल्या, की सात तुकड्यांचं फूल तयार. त्याभोवती बारा तुकड्यांचं कडं घातलं की एकोणीस. एखाद्या षटकोनाच्या सहाही बाजू जोडून झाल्या की त्याची कच्ची टीप उसवून कागद काढायचा आणि पुन्हा वापरायचा. कडेचे कागद मात्र शेजारी मिळेपर्यंत आतच राहू द्यायचे.

जुन्या साडीसाठी एक सूचना. कापड आधी उजेडासमोर धरा. जिथे जाळी दिसते तो भाग सोडून द्या. इरकलीचा रेशमी पदर निसरडा असतो, त्याला कच्चे टाके जवळजवळ घाला.

ही कला इथे जुनी आहे. क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ साल घातलेलं एक रेशमी पांघरूण आहे. त्यातले कागद आजही आत आहेत. आमच्या घरापासून तासाभरावर चॉटनला जेन ऑस्टिनचं घर आहे. तिथे जेन, तिची बहीण कॅसँड्रा आणि त्यांची आई यांनी केलेलं तुकड्यांचं पांघरूण ठेवलंय. १८११ साली जेननं कॅसँड्राला पत्रात विचारलं होतं, की तुकडे गोळा करायचं लक्षात आहे ना, इकडे काम अडलंय.

हे समजलं आणि मी घरी येऊन ताईला फोन केला. आधी जेनची गोष्ट सांगितली, मग इरकलीच्या फुलाचा फोटो पाठवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हा काठ मी विसरलेच होते. माझ्या बारशाला आईनं हीच नेसली होती, असं ती सांगायची.” मला हे ठाऊकच नव्हतं. मी घाबरत घाबरत म्हटलं, “ताई, जिथे विरलंय तिथलेच तुकडे पाठव. थोडेच.” ती “बघते” म्हणाली आणि फोन ठेवला.

श्रावणात पाकीट आलं. आत अडीच इंची चौकोन होते, मोजून चाळीस, चार साड्यांचे. कडा जराशा वाकड्या, पण सगळे तिनं स्वतः कापलेले. सोबत चिठ्ठी होती : “हिरवी कापली नाही. ती मी दिवाळीला नेसणार आहे.”

सोळा इंची उशीच्या अभ्र्याला साधारण सव्वाशे षटकोन लागतात. माझे चौऱ्याऐंशी झालेत. बाकीचे मागितले आहेत. ताई पुन्हा “बघते” म्हणाली आहे. तोवर कडेचे कागद आतच आहेत, आणि अभ्रा हातात घेतला की कुरकुरतो.

तुमच्याही कपाटात अशी एखादी साडी असेल. ती कापायची की नेसायची, हे घरच्यांना विचारून ठरवा. पण विचारा नक्की. शुभ दीपावली!