घट्ट गांठीचें मोल

घोडबंदर रस्त्यावर हिरानंदानी इस्टेटींत पिकांच्या औषधांचा व्यापार करणाऱ्या बायर कंपनीची कचेरी आहे. त्याच रस्त्याच्या नव्या वसाहतींत पोहण्याचे तलावहि आहेत. पिकांच्या औषधांची विद्या आणि तलावांत टाकावयाच्या क्लोरिनच्या गोळ्या यांचा एका ठिकाणीं कसा संबंध आला, तें आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गंधकास आपल्या रसशास्त्रांत 'शुल्वारि', म्हणजे तांब्याचा शत्रु, असें एक नांव आहे. या गंधकाच्या एका अणूस फ्लोरिन या अतितीव्र वायूचे पांच अणु जोडले, आणि सहाव्या हातानें त्यानें बेंझीनचें षट्कोणी कडें धरलें, कीं जो पदार्थ होतो तो उष्णतेस किंवा आम्लास सहसा दाद देत नाहीं. फ्लोरिनयुक्त औषधें आपणांस नवीं नाहींत. झुरळांच्या औषधांतील फिप्रोनिल आणि मलेरियावरील मेफ्लोक्विन यांत एका कार्बनास तीन फ्लोरिन जोडलेले असतात. मेफ्लोक्विनांत त्या जागीं गंधक व पांच फ्लोरिन बसविलेले दोन पदार्थ अमेरिकेंत तयार झाले, आणि मलेरियाच्या जंतूंवर ते मूळ औषधाहून अधिक प्रभावी आढळले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

अडचण होती ती घडविण्याची. डुपाँ कंपनीच्या शेपर्ड यांनीं १९६० सालीं प्रथम हे पदार्थ केले, ते महागड्या रौप्य-फ्लोराइडाच्या साह्यानें. आणि हातीं पडे तें थोडें. पुढें जपानी रसायनज्ञ उमेमोतो यांनीं क्लोरिन वायु व पोटॅशियम फ्लोराइड वापरून चार फ्लोरिन व एक क्लोरिन आधीं बसवावे, मग त्या क्लोरिनच्या जागीं पांचवा फ्लोरिन आणावा, अशी वाट काढली. २०१९ सालीं झुरिच येथील तोन्यी यांच्या मंडळीनें पहिल्या पायरीवरील क्लोरिन वायूचीहि गरज दूर केली. त्या जागीं त्यांनीं घेतलें तें ट्रायक्लोरोआयसोसायान्यूरिक आम्ल, म्हणजे तलावांच्या गोळ्यांत सर्रास असणारेंच द्रव्य! वाचकांनीं मात्र या गोळ्यांशीं घरीं खेळ करूं नये. दुसऱ्या रसायनांत मिसळल्यास त्यांतून विषारी वायु सुटतो.

आतां आमचें खरें म्हणणें. जी घट्ट गांठ औषधाचा गुण, तीच पुढें दोष होऊं शकते. याच कुळांतील, गंधकास सहा फ्लोरिन जोडलेला वायु मोठ्या विद्युत्-केंद्रांच्या उपकरणांत भरतात. तो हवेंत सुटला तर शेंकडों वर्षें नाहींसा होत नाहीं, आणि शंभर वर्षांच्या हिशोबानें वजनास वजन कार्बन डायॉक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. वर सांगितलेले पदार्थ म्हणजे हा वायु नव्हे, आणि त्यांस सरसकट त्याच्या पंक्तीस बसविणें अन्यायाचें होईल. तथापि शेतावर फवारलेलें औषध पावसाबरोबर ओढ्यांत आणि तेथून खाडींत जातें. तें तेथें किती काळ टिकेल, आणि मोडल्यावर त्याचें काय होईल, हें बाजारांत येण्यापूर्वीं विचारलें पाहिजे.

आपल्या पूजाविधींत आवाहनाबरोबर विसर्जनहि सांगितलें आहे. ज्या घरांत रसायनशास्त्र शिकणारीं मुलेंमुली आहेत, तेथील वडील मंडळींनीं त्यांना एवढेंच विचारावें: तुम्हीं नवें काय जोडलें तें कळलें, तें सुटण्याची सोय काय केली?