बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडताना

कात्रजच्या एका आजींचे पत्र या वेळी समोर आहे. त्यांच्या सुनेने दुसऱ्या बाळंतपणानंतर, वयाच्या २४व्या वर्षीच, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली. गेल्या वर्षी धाकटे मूल आजारपणात गेले. सून आता ३२ वर्षांची आहे. ‘बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडता येतात का?’ असे आजी विचारतात.

हा प्रश्न एका घराचा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात लेकरे गमावलेल्या, पण शस्त्रक्रिया झालेल्या मातांपुढेही तो उभा राहिला होता. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू शासनाने अशा मातांसाठी नळ्या जोडण्याची शस्त्रक्रिया मोफत उपलब्ध करून दिली.

आजी, उत्तर ‘होय, पुष्कळदा’ असे आहे. मात्र त्यामागचे कारण समजून घ्यावे. तुमच्या कात्रजच्या तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळी भूमिगत नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेले गेले. तेथे उतार होता, म्हणून पाणी आपोआप वाहिले. बीजवाहिनीला असा उतार नसतो. सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीच्या या नळीच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या हालचालीने आणि नळीच्या आकुंचनाने स्त्रीबीज गर्भाशयाकडे सरकते. म्हणून केवळ तोंडाला तोंड जोडून भागत नाही. अस्तरही शाबूत राहावे लागते.

नळीची पोकळी अरुंद भागात जेमतेम एक मिलिमीटरची. त्यामुळे शल्यविशारद सूक्ष्मदर्शकाखाली काम करतात. बंद झालेली टोके निरोगी भाग दिसेपर्यंत छाटली जातात, ऊती सतत ओल्या ठेवल्या जातात आणि केसाहूनही बारीक धाग्याने थर जुळवून टाके घातले जातात. शेवटी गर्भाशयातून निळा द्रव सोडून वाट मोकळी झाल्याची खात्री करतात. १९७०च्या दशकात कॅनडात व्हिक्टर गोमेल आणि लंडनमध्ये रॉबर्ट विन्स्टन यांनी ही पद्धत पुढे नेली. आता ती काही ठिकाणी दुर्बिणीनेही केली जाते.

यश मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: स्त्रीचे वय आणि उरलेली नळी. वय ३५च्या आत असून जोडल्यानंतर नळी चार सेंटिमीटरहून अधिक राहणार असेल, तर निम्म्या किंवा त्याहून अधिक स्त्रियांना गर्भ राहतो. रिंग किंवा क्लिप लावलेल्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत नळीची हानी कमी असते. नळी जाळली असल्यास जास्त. टोकाची झालरच काढली असेल, तर जोडण्याचा उपयोग सहसा होत नाही.

येथेच घरातील ज्येष्ठांचे साहाय्य मोलाचे ठरते. त्या शस्त्रक्रियेचे कागद बहुधा तुमच्याच पेटीत असतात. ते शोधून डॉक्टरांना दाखवा. मुलाचीही वीर्यतपासणी आधीच व्हावी. दोष तेथे असल्यास सुनेच्या पोटावर व्यर्थ छेद नको.

दुसरा मार्ग टेस्ट ट्यूब बेबीचा. नळी फार तोकडी असेल, वय पुढे गेले असेल किंवा वीर्यदोष असेल, तर डॉक्टर तो सुचवतात. नळी जोडल्यास पुढे प्रत्येक महिना संधीचा असतो. टेस्ट ट्यूबमध्ये प्रत्येक प्रयत्नाला नवा खर्च येतो. दोन्हींची माहिती घेऊनच ठरवावे.

एक सावधगिरी कधीही विसरू नये. जोडलेल्या नळीतच गर्भ रुजण्याचा धोका नेहमीपेक्षा अधिक असतो. पाळी चुकताच तपासणी करून लवकर सोनोग्राफी करावी. एका बाजूला तीव्र पोटदुखी, रक्तस्राव किंवा भोवळ आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि आजी, एक विनंती. नातू गेल्याचे दुःख तुमचेही आहे. पण पुन्हा आई व्हायचे की नाही, हे सुनेनेच ठरवायचे आहे. ‘घराला दिवा हवा’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नका. ती ‘नको’ म्हणाली, तर तेही उत्तरच आहे. ‘हवे’ म्हणाली, तर वेळ दवडू नका, कारण वय थांबत नाही. दोन्ही वेळी तिच्यासोबत दवाखान्यात जाऊन बसा. येणारे मूल गेलेल्याची जागा भरून काढण्यासाठी येत नाही. ते आपली स्वतंत्र जागा घेऊन येते.