नखी आणि नाव

आमच्या घोडेगावात मोठे आवाज दोनच. एक कांद्याच्या लिलावाचा, दुसरा नगर-संभाजीनगर रस्त्यावरच्या गाड्यांचा. अशा गावात उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस रात्री कानाला लावून अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं गिटार ऐकतो, हे कळल्यावर लोक हसतात. हसू देत. त्या संगीताला तिकडे 'कंट्री' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत गावाकडचं. गावाकडच्या माणसाला दुसऱ्याच्या गावाकडचं ऐकायला परवाना लागत नाही.

खरं सांगायचं तर मी गाणं ऐकतच नाही, हात ऐकतो. तारेवर पडणारा हात. तो अंगठ्यानं पडतो की बोटानं, नखी घालून की उघडा, वरून खाली की खालून वर, यावर सगळा जीव असतो. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. कुणी गोड बोलायला लागलं की आपण म्हणतो, काय सतारीचे बोल ऐकतोय! सतारीला बोल असतात ते नखीमुळे. उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची वळलेली नखी, म्हणजे मिजराब, घालतात. एका दिशेचा आघात 'दा', उलट दिशेचा 'रा', दोन्ही झटकन एकापाठोपाठ आले की 'दिर'. या दोन-तीन अक्षरांवर अख्ख्या घराण्यांचा संसार चालतो. दिल्लीच्या मसीतखानांनी संथ गतीसाठी या बोलांची एक मांडणी बसवली, दिर दा दिर दा रा दा दा रा, आणि ती मसीतखानी झाली. लखनौच्या गुलाम रझांच्या नावावरून द्रुत गतीला रझाखानी म्हणू लागले. वाजवण्याच्या अशा पद्धतीला 'बाज' म्हणतात. हाताच्या एका सवयीला माणसाचं नाव चिकटतं आणि दोन-अडीचशे वर्षं टिकतं. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे, आणि आज लिहायचंय ते त्याच्याच बद्दल.

अशाच एका बाजाचा धनी आपल्या मुंबईत राहून गेला आणि आपण त्याला जवळजवळ विसरलो. उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान. जन्म 1927 चा, मध्य प्रदेशातल्या जावऱ्याचा, पण घडले आणि राहिले मुंबईत. 2017 च्या जानेवारीत गेलेही तिथेच. रविशंकर, विलायत खान आणि हलीम जाफर खान ही त्यांच्या काळातल्या सतारीची तीन नावं. पहिली दोन आपल्या मुलांना कधीतरी परीक्षेत विचारली जातात. तिसरं कुणी विचारत नाही. 1960 च्या 'कोहिनूर' सिनेमात दिलीपकुमार सतार वाजवताना दिसतात, ती सतार हलीम जाफर खानांची, आणि पडद्यावर हात खरा वाटावा म्हणून दिलीपकुमार सतारीचे धडे घ्यायला बसले तेही त्यांच्याकडेच. आमच्या पिढीच्या आई-वडिलांनी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं असेल. पडद्यावरचा माणूस सगळ्यांना ठाऊक होता, गाणारा ठाऊक होता, संगीतकार ठाऊक होता. तारेवरचा हात कुणाचा?

त्या हाताची पद्धत म्हणजे जाफरखानी बाज. सतारीत साधारणपणे उजवा हात आघात करतो आणि डावा हात सूर दाखवतो. एक हुकूम देणारा, एक पाळणारा. हलीम जाफर खानांनी डाव्या हातालाच बोलायला लावलं. मिजराबीचा आघात एकदा, आणि मग डाव्या हाताची बोटं पडद्यांवर आपटून, तार खुडून, मुरड घेऊन पुढचे सूर काढतात. मुरकी, खटका, जमजमा हे सगळं गळ्यात असतंच, पण इथे ते असं येतं की उजवा हात कधी वाजला आणि कधी थांबला हे कानाला कळत नाही. ऐकताना वाटतं की दोन माणसं वाजवताहेत. कर्नाटक संगीतातले रागही त्यांनी सतारीवर आणले, 1958 मध्ये अमेरिकेतला जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला तेव्हा त्याच्यासोबत वाजवलं. 1970 मध्ये पद्मश्री मिळाली, 2006 मध्ये पद्मभूषण. म्हणजे सरकारनं दखल घेतली नाही असं नाही. घेतली नाही ती आपण.

आता ज्या 1927 मध्ये हलीम जाफर खान जन्मले, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल या गावी एक रेकॉर्ड कंपनी आली होती. आसपासच्या डोंगरातले गाणारे-वाजवणारे बोलावून त्यांचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. त्यात कार्टर कुटुंब होतं, आणि त्यांच्यात गिटार वाजवणारी अठरा वर्षांची मेबेल. माझ्या आवडीच्या यादीत पहिलं नाव हिचं. तोवर गिटार म्हणजे गाण्यामागचा ठेका, पोळपाटासारखी खाली असणारी वस्तू. मेबेलनं अंगठ्यानं जाड तारांवर गाण्याची चाल वाजवली आणि त्याच वेळी तर्जनीनं बारीक तारांवर ठेका धरला. एका हातात दोन कामं. घरकाम करणाऱ्या बाईला यात नवल वाटू नये. या पद्धतीला पुढे 'कार्टर स्क्रॅच' असं नाव पडलं. कंट्री गिटारला स्वतःचा आवाज मिळाला तो इथून.

दुसरा मर्ल ट्रॅव्हिस, केंटकीच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. त्यानं उलटं केलं. अंगठ्यात नखी घालून जाड तारांवर एकसारखी लय चालू ठेवायची आणि तर्जनीनं वर चाल खेळवायची. अंगठा कधी थांबत नाही, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखा. हे रेडिओवर ऐकून चेट ॲटकिन्स नावाचा एक पोरगा वेडा झाला. ट्रॅव्हिस एकाच बोटानं हे करतो हे त्याला दिसत नव्हतं, रेडिओवर दिसणार कसं? एवढं काम एका बोटाचं नसणार असं धरून त्यानं अंगठ्यासोबत दोन-तीन बोटं कामाला लावली, आणि त्यातून त्याची स्वतःची निराळी पद्धत तयार झाली. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. वर्गात समोर बसून शिकला असता तर हुबेहूब नक्कल झाली असती.

तिसरा डॉक वॉटसन. लहानपणीच दृष्टी गेलेला. तो ज्या बँडमध्ये वाजवायचा त्यात व्हायोलिनवाला नव्हता, आणि गावातल्या नाचाला तर व्हायोलिनच्याच चाली लागायच्या. मग त्यानं त्या चाली गिटारवर उचलल्या, बोटांत धरायच्या चपट्या नखीनं, एकेक सूर सुटा, स्वच्छ, शेंगा फोडून दाणे ताटात टाकावेत तसा. बाकी नुसत्या वेगाचं मला कौतुक नाही. 'चिकन पिकिंग' म्हणून एक प्रकार आहे. जेम्स बर्टनसारखे वादक नखी आणि बोट दोन्ही वापरून तार अशी खुडतात की अंगणात कोंबडी कुकुटत फिरतेय असं वाटतं. पाच मिनिटं मजा येते. तासभर ऐकलं तर अंगण झाडावंसं वाटतं.

इथवर नावं घेतली ती सगळी गोऱ्या माणसांची. कंट्री म्हणजे गोऱ्या खेडुतांचं संगीत, असंच जगभर मानलं जातं. पण मेबेल कार्टर बोटांची कला कुणाकडून शिकली हे पाहिलं की समोर येतो लेस्ली रिडल. कृष्णवर्णीय. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गेलेला, उजव्या हाताची दोन बोटंही शाबूत नव्हती. कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगरात गाणी गोळा करायला जाई तेव्हा रिडल सोबत असे, कारण कार्टर शब्द लिहून घेई आणि रिडल चाल डोक्यात ठेवी. मेबेलनं त्याचा हात पाहून उचलला आणि ते तिनं पुढे स्वतः सांगितलंही. पण रेकॉर्डवर कार्टरांचं नाव आलं, त्याचं नाही. 1960 च्या दशकात त्याला शोधून काढलं गेलं तेव्हा त्यानं वाजवणं सोडलेलं होतं. ट्रॅव्हिसच्या अंगठ्याची वंशावळही मागे नेली तर ती केंटकीतल्या आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय मजुरापाशी पोचते. त्याचं तर एकही ध्वनिमुद्रण नाही. 1931 मध्ये तो गेला. पद्धतीला नाव मात्र 'ट्रॅव्हिस पिकिंग' असं आहे. ट्रॅव्हिस मोठा वादक होता यात शंका नाही. तरी मसीतखानीला मसीतखानांचं नाव मिळालं तसं शुल्ट्झला मिळालं नाही, एवढंच.

हे वाचून अमेरिकेला नावं ठेवण्याआधी आपल्या तमाशाच्या फडाकडे या. ढोलकीवाल्याचं नाव पोस्टरवर असतं, शाहिराचं असतं, नाचणारीचं असतं. मागे उभं राहून झील धरणारा जो तुणतुणं वाजवतो, त्याचं नाव तुम्ही कधी वाचलंय? लाकडी किंवा पत्र्याचा डबा, तळाला कातडं, एक काठी, एक खुंटी आणि एकच तार. त्या एका तारेवर तो गाणाऱ्याला सूरही देतो आणि लयही. मेबेलच्या हातात निदान सहा तारा होत्या. आणि आपण मराठीत त्याची काय किंमत केली? 'झालं ह्याचं तुणतुणं सुरू!' कंटाळवाणं, तेच ते बोलणाऱ्याला आपण तुणतुणं म्हणतो. भाषा शिकवतो म्हणून सांगतो, म्हणींतून समाज कुणाला खाली बसवतो ते बरोबर दिसतं. पोवाडा म्हणताना ते तुणतुणं दोन मिनिटं बंद करून पाहा, शाहिराचा सूर कुठे जातो ते कळेल.

या पोवाड्या-लावणीच्या दुनियेत आपली माणसं कमी नव्हती. पेशवाईच्या अखेरच्या काळातले सगनभाऊ मुसलमान होते, धंद्यानं शिकलगार. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजानं मैदानं भरली ते शाहीर अमर शेख बार्शीचे, मूळ नाव महबूब हुसेन पटेल. आणि शिकलगार म्हटलं की मिरज आलीच. हत्यारं घडवणाऱ्या, पाजवणाऱ्या याच समाजातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि मिरजेत सतारमेकरांची घराणी उभी राहिली. तलवारीची मागणी संपत आली होती. लोखंड ओळखणारे हात लाकडाकडे, तारेकडे आले. पंढरपूरच्या परिसरात पिकणारा मोठा भोपळा वाळवून, कापून, त्याला गळा जोडायचा, खुंट्या बसवायच्या, आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे घोडी घासायची. तार ज्या पट्टीवर टेकते तिला घोडी म्हणतात. ती केसभर घासली की आवाजाला गुंजन येतं, तीच जवारी. केसभर जास्त घासली तर वाद्य मुकं. मोजायला यंत्र नाही, कान आणि कानस. सतारीचे बोल म्हणून आपण ज्याची वाहवा करतो त्यातला निम्मा बोल या कानशीचा असतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन गावाला मिळतं; घोडी कुणी घासली ते वाद्य विकत घेणाऱ्यानं विचारल्याशिवाय कळत नाही.

आता दोन्ही बाजूंनी बोलणी बसणार हे मला माहीत आहे. आपल्यातले काही म्हणतील, वाद्यांचं कौतुक शिक्षकानं कशाला करावं? तो फिकहचा वाद आहे, आलिमांनी करावा, मी त्यात पडत नाही. पण ज्या कारागिरीवर मिरजेत आपल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या, तिची माहितीसुद्धा मुलांना द्यायची नाही, हे मला पटत नाही. दुसऱ्या बाजूचे काही म्हणतील, संगीताला धर्म नसतो, मग मुसलमान वादक, मुसलमान कारागीर अशी मोजदाद कशाला? हे वाक्य फार गोड आहे. पण ते बहुतेक वेळा ज्याचं नाव आधीच पोस्टरवर आहे तोच म्हणतो. लेस्ली रिडलला ते म्हणायची वेळच आली नाही. आणि तिसरा मोह आपल्या स्वतःचा, 'बघा, सगळं आमचंच आहे.' तसंही नाही. हलीम जाफर खानांनी दक्षिणेतले राग घेतले, मिरजेच्या सतारीला भोपळा पंढरीच्या शेतकऱ्याचा लागतो, आणि अमर शेखांच्या पाठीशी झील धरणारे कोणकोणत्या जातीचे होते ते विचारायची कुणाला गरज वाटली नाही. हात शेजाऱ्याचं बघूनच शिकतो. माझं म्हणणं एवढंच की कुणाचं बघून शिकला तेही सांगावं.

म्हणून वर्गात मी एक छोटी गोष्ट करतो. उर्दूच्या तासाला 'मिजराब' शब्द आला की मराठीतली 'नखी' फळ्यावर शेजारी लिहितो आणि मोबाइलवर दोन मिनिटांचा तुकडा ऐकवतो, हलीम जाफर खानांचा. मग मेबेल कार्टरचा. मुलांना विचारतो, कुठल्या हातानं काय केलं? नववीतल्या एका मुलीनं मागच्या वर्षी डोळे मिटून उत्तर दिलं होतं: पहिल्यात डावा हात जास्त बोलतो, दुसऱ्यात अंगठा. तिनं सतार कधी पाहिलेली नाही, गिटार फक्त सिनेमात. तिचे वडील कांद्याच्या गोण्या शिवतात. दाभण कसं चालतं हे तिला ठाऊक आहे, बहुतेक कान त्यामुळेच हाताकडे गेला असावा.

येत्या 1 मे च्या कार्यक्रमात मुलं पोवाडा म्हणणार आहेत. निवेदनाचा कागद माझ्याकडे आहे. शाहिराचं नाव, ढोलकीवाल्याचं नाव लिहून झालंय. त्याखाली 'तुणतुण्यावर' असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे, कारण आठवीतली दोन मुलं त्यासाठी अजून भांडताहेत.