‘बीजदोष’ म्हणण्यापूर्वी

सास्तूर परिसरात चिकित्सा करताना आमच्या हातून घडलेली एक चूक वैद्यबंधूंसमोर ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. एक गृहस्थ मुलीसह आले होते. दुकानाचा हिशेब चुकतो, नावे आठवत नाहीत, पहाटे झोप मोडते, कशात मन लागत नाही. ‘वडिलांचेही असेच झाले होते,’ असे ते म्हणाले आणि आम्ही ‘बीजदोष’ असे निदान करून मोकळे झालो. शब्द गावात पसरला. मुलीची जमत आलेली सोयरीक मोडली. वडिलांचे असे कधीपासून झाले, हे विचारण्याचे भान आम्हांस फार उशिरा आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घरातील माणसे गेल्यापासून, असे उत्तर मिळाले.

आनुवंशिकता आपल्या शास्त्राला नवी नाही. सुश्रुताचार्यांनी आदिबलप्रवृत्त व्याधी सांगितले आहेत. परंतु बीजाचा जो भाग दूषित, त्याच अवयवाची विकृती होते. जडादींची संतती आईबापांसारखीच निपजेल असे एकान्ताने म्हणता येत नाही, हेही चरकसंहितेच्या शारीरस्थानातच आहे. हा उत्तरार्ध आपण सोयीने विसरतो.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यातील आनुवंशिक वाटा सुमारे ३७ टक्के मानला जातो. हा आकडा समूहाचा आहे, समोर बसलेल्या रुग्णाचा नव्हे. नैराश्याशी जोडल्या गेलेल्या १८ बहुचर्चित जनुकांची २०१९ साली फार मोठ्या नमुन्यावर फेरतपासणी झाली, तेव्हा इतर कोणत्याही जनुकांहून त्यांचा अधिक संबंध आढळला नाही. बुद्धिक्षमतेवरही असंख्य जनुकांचा प्रत्येकी अत्यल्प प्रभाव असतो. शिवाय विषादात मंदावलेली एकाग्रता व स्मृती पुष्कळांत उपचारांनी सुधारते, काहींत थोडी उणीव मागे राहते. मंदावलेली बुद्धी जन्मजातच असली पाहिजे, हे गृहीतक म्हणूनच टिकत नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनाही आमची विनंती आहे. ‘स्मरणशक्तीचे काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या प्रौढाच्या हाती ब्राह्मी-शंखपुष्पीची बाटली देण्यापूर्वी झोप, भूक आणि जगण्याचा कंटाळा यांविषयी विचारावे. (एखादी बाटली कमी खपेल, हे आम्ही जाणतो.) आत्मघाताचा विचार दिसल्यास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे, शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. चालू गोळ्या आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नयेत. वैद्यांनी थायरॉईड व बी-१२ यांची तपासणीही करून घ्यावी.

ते गृहस्थ आता पुन्हा दुकानाचा हिशेब पाहतात. आमच्या केसपेपरवर कुलवृत्ताच्या रकान्याशेजारी ‘कधीपासून?’ असा आणखी एक रकाना आम्ही आखून घेतला आहे.